मापाखाली सही

आमच्या वकीलसाहेबांना कोर्टाच्या आवारात कुणी नावाने ओळखत नाही. सगळे त्यांना 'किंबहुना' म्हणतात. पाठीमागे अर्थात. साहेब खोलीत येरझाऱ्या घालत मजकूर सांगायला लागले, की पहिलं वाक्य बरं असतं. मग 'किंबहुना' म्हणून तेच दुसऱ्यांदा सांगतात, आणि तिसऱ्यांदा सांगताना त्यात एखादा परदेशातला निकाल घालतात. मी बावीस वर्षं हे टाइप करते आहे. आता साहेबांनी श्वास घेतला की माझी बोटं आपोआप 'क' वर जाऊन बसतात.

लेखी युक्तिवाद म्हणजे काय, हे ज्यांना सुदैवाने ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सुनावणीच्या आधी दोन्ही बाजूंनी आपलं म्हणणं लिहून द्यायचं, म्हणजे न्यायाधीशांनी ते वाचून यावं, अशी ती योजना. ते वाचतात असं आम्ही धरून चालतो. आमच्या नव्या न्यायाधीशबाईंनी मात्र पहिल्याच तारखेला दोन्ही वकिलांना बजावलं होतं: वीस पानं, मंगळवारी दुपारी चारच्या आत खिडकीवर, शुक्रवारी सुनावणी. एकविसावं पान आलं तर ते आपण वाचणार नाही, आणि चारनंतर आलं तर काहीच वाचणार नाही. साहेब घरी जाईपर्यंत तोंडातल्या तोंडात पुटपुटत होते. वीस पानांत त्यांचं नमनसुद्धा उरकत नाही.

एरवी मला काय त्याचं? पण हा दावा घरचा होता. माझ्या थोरल्या नणंदेचा, वन्संचा.

वन्सं शिवणकाम करतात. आठ बाय दहाचं दुकान, मागे एक खोली, त्या खोलीतच राहणं. नवरा फार लवकर गेला, मूलबाळ नाही, आहे ते सगळं त्या दोन भिंतींच्या मध्ये. जागा भाड्याची. मालकाने दावा लावला, की दुकान गेली तीन वर्षं बंद आहे, धंदा होत नाही, तेव्हा आमची जागा आम्हाला द्या. पुरावा म्हणून शटर खाली असल्याचे फोटो जोडले होते. शटर खालीच असतं हो, अर्धं. रस्त्याची धूळ कापडावर बसते म्हणून वन्सं अर्धं शटर ओढून आत शिवत बसतात, आणि गिऱ्हाईक बाजूच्या दाराने येतं. फोटो काढणाऱ्याने साप्ताहिक सुट्टीचा दिवस बरोबर गाठला होता.

दावा हरलो असतो तर वन्संचं दुकान गेलं असतं, घर गेलं असतं, आणि त्या आमच्याकडे राहायला आल्या असत्या. कायमच्या. आमचे हे एवढंच म्हणाले, की ताईला आपल्याकडेच आणू, त्यात काय, आणि पेपर वाचायला लागले. पेपर वाचणाऱ्याचं बरं असतं. मला दिवसभर कोर्ट आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात वन्सं, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि मी साहेबांना म्हटलं, हा दावा आपण घ्यायचाच.

वन्सं वाईट नाहीत, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी तसं बोलेनच याची खात्री नाही. पण जीभ! माणूस दारात आला की आधी त्याचे खांदे बघणार आणि मग 'या' म्हणणार. कुणाचं काखेत आखडलंय, कुणाचं पाठीवर सुटलंय, सगळं जाहीर. आणि त्यांचा एक नियम आहे, जो जगात दुसऱ्या कुठल्या शिंप्याचा नसेल. माप घेतलं, वहीत लिहिलं, की गिऱ्हाइकाने मापाखाली सही करायची, तारखेसकट. का, तर लोक कपडा घट्ट झाला की म्हणतात माप चुकलं. कमरेच्या बाबतीत माणूस देवाशीसुद्धा खोटं बोलतो, असं त्यांचं म्हणणं.

एकोणीस वर्षांपूर्वी मी या घरात नवी आले, तेव्हा वन्संनी मला कोर्टात घालायला कोट शिवायला घेतला होता. सासू, चुलतसासवा, शेजारणी, सगळ्या बसलेल्या. वन्संनी टेप लावला, कमरेचा आकडा खणखणीत आवाजात वाचला आणि वही माझ्यापुढे सरकवली. "कर सही." कुणीतरी खुदकन हसलं. मी सही केली नाही, कोट घेतला नाही, आणि त्या दुकानात कपडे शिवायला परत पाऊल टाकलं नाही. बाहेर शिवून घेते, बसत नाहीत नीट, पण घेते.

तर आता लेखी युक्तिवाद. वन्सं पहिल्या दिवसापासून एकच सांगत होत्या, वही बघा. साहेबांना सांगितलं, मला चारदा सांगितलं. मला वाटलं, झालं, निघाला तो जुना विषय. एकोणीस वर्षं झाली तरी ही बाई माझी कंबर विसरायला तयार नाही, असं मनात म्हणत मी वही घेतली आणि कागदपत्रांच्या यादीत टाइप केलं, 'दस्त क्रमांक सतरा: मापांची वही, एक.' प्रती काढायला दिली, मूळ कोर्टात जमा केली. उघडून मात्र बघितली नाही. उगाच कशाला आपल्या हाताने आपलं पान शोधायचं?

साहेबांनीही बघितली नाही. त्यांचं म्हणणं, न्यायालयात तत्त्वं मांडायची असतात, लोकांच्या कमरा नाही. त्यांनी भाडेकराराचा उगम, ताबा या संकल्पनेचा विकास, आणि कुलूप लावलेल्या आणि न लावलेल्या दारातला सूक्ष्म भेद, असं करत बासष्ट पानं सांगितली. वन्सं एकदा ऑफिसात येऊन बसल्या होत्या तेव्हा त्यांच्या समाधानासाठी शेवटी एक ओळ घातली: 'वापराबाबत दस्त क्रमांक सतरामधील मालकांच्या नोंदीही पाहाव्यात.' ती सांगताना त्यांचं तोंड असं झालं होतं, की जणू कुणी त्यांना स्वतःचं दप्तर झाडायला सांगितलं आहे.

बासष्टची वीस करणं हे माझं काम. साहेब कापत नाहीत, ते फक्त सुचवतात की अक्षर बारीक कर. अक्षर बारीक केलं तर खिडकीवरचा कारकून परत पाठवतो. समास कमी केला तर तो फूटपट्टी काढतो. त्याला आयुष्यात एवढाच एक आनंद आहे, आणि तो तो मनापासून उपभोगतो. मग मी सोमवारी दिवसभर बसून कापलं. सत्तेचाळीस किंबहुना काढले, त्यात चार पानं गेली. ताबा या संकल्पनेचा विकास अर्ध्यावर थांबवला. संध्याकाळी वीस पानं झाली आणि एक ओळ एकविसाव्या पानावर उतरली. एकच ओळ. ती वर घ्यायची तर मधलं काहीतरी काढायला हवं होतं, आणि मधलं सगळं साहेबांचं लाडकं. ती ओळ कुठली, हे तुम्ही ओळखलंच असेल. मीही वाचली होती. कमरेशी माझं जुनं वैर होतं, मी ती काढून टाकली.

आता खिडकीची गोष्ट. आमच्याकडे अशी पद्धत आहे, की खिडकीवर लेखी युक्तिवाद दिला की त्याची एक प्रत समोरच्याला तिथल्या तिथे द्यायची. म्हणजे जो आधी देईल त्याचं म्हणणं दुसरा वाचणार, आणि आपल्या कागदांत सोयीस्कर बदल करून मग देणार. म्हणून आधी कुणीच देत नाही. दोन्ही ऑफिसांची माणसं खिडकीबाहेरच्या बाकावर गठ्ठे मांडीवर घेऊन बसतात आणि एकमेकांच्या मुलाबाळांची चौकशी करतात. मालकाच्या वकिलाकडचा कारकून म्हणजे टाचणी. हडकुळा, उंच, कागदाला पिना लावण्यात आयुष्य गेलेला. बावीस वर्षांत मी टाचणीच्या आधी एकदाही कागद दिला नव्हता. त्याचंही माझ्याबद्दल तसंच म्हणणं आहे, पण तो खोटं बोलतो.

हे सगळं जमायचं ते एका घड्याळामुळे. खिडकी बंद व्हायची ती आतल्या भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे, आणि ते घड्याळ आठ मिनिटं मागे होतं. कोर्टातल्या झाडूवाल्यापासून सगळ्यांना हे माहीत. म्हणजे आपल्या मनगटावर चार वाजले तरी हातात आठ मिनिटं असतात. खरी झुंज त्याच आठ मिनिटांत. मंगळवारी मी आणि टाचणी दीड वाजल्यापासून बाकावर होतो. त्याने मला त्याच्या गुडघेदुखीबद्दल सांगितलं. मी त्याला पाणी दिलं. पावणेचारला तो म्हणाला, तुम्ही द्या ना आधी, बायकांना मान. मी म्हटलं, वयाला मान. चार वाजले. आतून काहीतरी खाड्कन पडल्याचा आवाज आला, आम्ही दोघांनी लक्ष दिलं नाही. चार वाजून सहा मिनिटांनी टाचणी उठला, मी उठले, आणि आम्ही दोघं खांद्याला खांदा लावून आत शिरलो.

खिडकी बंद होती. कारकून कुलपाची किल्ली खिशात टाकत होता. वर भिंतीवर नवंकोरं घड्याळ. सकाळीच बसवलं, म्हणाला, न्यायाधीशबाईंनी स्वतःच्या घड्याळाशी लावून घेतलं. अगदी बरोबर चालतं. आणि तो हसला. फूटपट्टीशिवायही त्याला आनंद मिळू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे दोन शहाणे होते. टाचणी भिंतीला टेकून खाली बसला. त्याचं काय, ना जीव चालला होता ना जागा. माझ्या वन्संची मात्र जागा चालली होती.

साहेबांनी माझ्यावर आवाज चढवला नाही. त्यांनी उशीर माफ व्हावा म्हणून चौदा पानी अर्ज सांगितला, काळ या संकल्पनेपासून सुरुवात करून. बुधवारी बाईंनी तो एका मिनिटात निकालात काढला. म्हणाल्या, घड्याळ बरोबर चालायला लागलं अशी तक्रार मी नोकरीत पहिल्यांदाच ऐकते आहे. दोन्ही बाजूंनी मुदत चुकवली, तेव्हा शुक्रवारी दोघांनी दहा-दहा मिनिटं तोंडी बोलायचं. साहेबांना दहा मिनिटं! मला तिथेच रडू यायचं बाकी होतं.

वन्संना सांगायचं काम माझ्याकडेच आलं. आमचे हे म्हणाले, तूच सांग, तुला त्यातलं कळतं. गेले. अर्धं शटर, आत मशीनचा आवाज. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, बाक, टाचणी, घड्याळ. आता जिभेचा पट्टा सुटणार म्हणून तयारच होते. वन्संनी मशीन थांबवलं आणि हातातली बाही उलटी-सुलटी करून बघितली.

"म्हणजे वकिलाचं ते वाचणार नाहीत?"

"नाही, वन्सं."

"बरं." मग बाहीकडेच बघत, "तुमच्याकडे मशीन मावेल का गं? मोठं नको, हे छोटंच."

एकोणीस वर्षांत या बाईने मला कधी कशाची परवानगी विचारली नव्हती. त्या दोन शिव्या देत्या तर मी चार ऐकवल्या असत्या आणि हलकी झाले असते. मावेल, म्हटलं. मावणार नव्हतं. रस्त्यावर आल्यावर मला माझी इतकी लाज वाटली, की मी दोन स्टॉप चालत गेले. वन्सं घरात नकोत म्हणून मी हा दावा घेतला होता, आणि आता माझ्याच शहाणपणापायी त्यांना घर उरणार नव्हतं.

शुक्रवारी कोर्ट भरलेलं. मालक पहिल्या रांगेत, ताज्या इस्त्रीचा, पोट आत ओढून बसलेला. त्याच्या वकिलांनी फोटो दाखवले, तीन वर्षं बंद, तीन वर्षं बंद, असं चारदा म्हटलं आणि सहा मिनिटांत बसले. मग आमचे साहेब उठले. नऊ मिनिटं ते ताबा या संकल्पनेच्या बाल्यावस्थेत होते. बाई घड्याळाकडे बघत होत्या. बरोबर चालणाऱ्या घड्याळाकडे.

"वकीलसाहेब, मला एवढंच सांगा," त्या म्हणाल्या, "या तीन वर्षांत दुकान चालू होतं, याचा कागद कोणता?"

साहेब माझ्याकडे वळले. मी हातातली वीस पानं चाळायला लागले, पण त्या वीस पानांत तो कागद कुठेच नव्हता. एका ओळीत होता, आणि ती ओळ मी काढली होती. साहेब 'किंबहुना' म्हणाले आणि पहिल्यांदाच त्यांना पुढचं सुचलं नाही.

मागून बाक करकरला. वन्सं उभ्या राहिल्या होत्या. बाईंनी विचारलं, कोण आपण. दुकान माझं, त्या म्हणाल्या. बाई म्हणाल्या, एक मिनिट उरलंय, बोला.

"सतरा नंबरची वही काढा, बाई. पान एकशे बारा. मालकांची कंबर आहे."

कोर्टात खसखस पिकली. वही निघाली. बाईंनी चष्मा लावला आणि स्वतःच मोठ्याने वाचायला सुरुवात केली, आणि मी बाकाची कड घट्ट धरली. तीन वर्षांपूर्वीची तारीख, अडतीस, खाली सही. त्याच्या पुढच्या वर्षी साडेएकोणचाळीस, खाली सही. गेल्या वर्षी एक्केचाळीस, खाली सही, आणि बाजूला वन्संच्या अक्षरात शेरा: 'मालक म्हणतात कापड आखडलं.' बाईंनी वही बंद न करता मालकाकडे बघितलं आणि विचारलं, या सह्या तुमच्या आहेत का.

मालक उठला. त्याचे वकील त्याचा सदरा मागून ओढत होते, पण ज्या माणसाची कंबर भर कोर्टात वाचली गेली, त्याला वकील दिसत नाही.

"सही माझी आहे," तो म्हणाला, "पण माप चुकीचं आहे. एक्केचाळीस कधीच नव्हती. सदतीस आहे, सदतीस."

बाईंनी दोन वेळा लिहून घेतलं, सही मान्य. मग विचारलं, गेल्या वर्षी माप घ्यायला कुठे गेला होतात. तो म्हणाला, हिच्याच दुकानात, दुसरीकडे कुठे जाणार. त्याच्या वकिलांनी डोळे मिटले. टाचणीने माझ्याकडे बघून हात जोडले. दावा फेटाळला, हे शब्द ऐकले तेव्हा मला एकदम भरून आलं. ते लपवायला मी खाली वाकून चपलेचा पट्टा लावत बसले, आणि माझ्या चपलेला पट्टा नाही.

साहेब बाहेर येऊन सगळ्यांना सांगत होते, की शेवटचं एक मिनिट आपण मुद्दामच सोडलं होतं. मी वन्संना जिन्याखाली गाठलं आणि सांगून टाकलं, त्या वहीबद्दलची एक ओळ कागदात होती, ती मी कापली होती, कागद वेळेत दिला असता तर बाईंनी तोच वाचून निकाल दिला असता. आपण हरलो असतो, वन्सं. माझ्यामुळे.

वन्संनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कापायचं काम तू करू नकोस," म्हणाल्या. "तुझा हात सरळ चालत नाही." आणि पदराने माझं तोंड पुसलं, जरा जोरातच.

अपिलाची मुदत संपल्यावर मूळ वही परत मिळाली. मीच ती दुकानात घेऊन गेले, आणि वाटेत एका कट्ट्यावर बसून पहिल्यांदा उघडली. माझं पान सापडायला वेळ लागला नाही. सगळ्यात वर एकोणीस वर्षांपूर्वीचं माप, खाली 'सही बाकी'. पण पान तिथे संपत नव्हतं. त्याखाली दर वर्षीची एक ओळ होती. 'अंदाजे एकतीस. आली नाही.' 'अंदाजे बत्तीस. खांदे उतरले, फार काम करते. आली नाही.' 'अंदाजे चौतीस. बाहेरचा कोट, पाठीत चुकलाय. आली नाही.' अशा एकोणीस ओळी. कुणाच्या लग्नात, कुणाच्या आजारपणात, आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून ही बाई मला नुसत्या डोळ्यांनी मापत होती, कधीतरी येईल म्हणून. आणि मेले सगळे आकडे बरोबर होते.

दुकानात गेले.  हात बाजूला करून उभी राहिले. वन्संनी टेप लावला, आकडा लिहिला. या वेळी मोठ्याने वाचला नाही. वही माझ्यापुढे सरकवली. बावीस वर्षं मी दुसऱ्यांना बोट ठेवून दाखवते आहे, इथे करा, इथे करा, आणि मला स्वतःला ती जागा दिसेना, डोळ्यांत इतकं पाणी आलं होतं. चाचपडत केली एकदाची.

"सही माझी आहे, वन्सं," मी म्हटलं, "पण माप चुकीचं आहे."

"कोर्टात सांग," त्या म्हणाल्या, आणि टेप गळ्यात अडकवून मशीनवर जाऊन बसल्या.